हाडांत उरलेला आणि न उरलेला रोग

कोलंबसापूर्वीची अमेरिका म्हणजे निरोगी, निष्पाप माणसांची भूमी आणि रोगराई आली ती युरोपीय गलबतांतून, हे चित्र आपल्या मनात पक्के आहे. त्याचा उत्तरार्ध बव्हंशी खरा आहे. पूर्वार्ध मात्र इतिहासापेक्षा साहित्याचाच अधिक. वर्गात रूसो शिकवताना आपणही त्यात नकळत रंग भरत असतो.

दक्षिण पेरूच्या किनाऱ्यावरील काही सांगाडे वेगळेच सांगतात. त्यांचे मणके आतून पोखरले जाऊन पुढे कोसळलेले, पाठीला टोकदार कुबड आलेले. अशी खूण सहसा मणक्याच्या क्षयाची. पण इतर जंतूही मणका पोखरू शकतात, म्हणून हाडाची साक्ष एकटी पुरेशी नव्हती. १९७३ साली नाझ्का संस्कृतीतील एका बालकाच्या ममीत क्षयजंतूंसारखे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. १९९४ साली विल्मर सालो, आर्थर ऑफडरहाइड आदी संशोधकांना सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका पेरूवासी स्त्रीच्या ममीत क्षयजंतूचा डीएनएच सापडला. कोलंबस यायला तेव्हा काही शतके अवकाश होता.

मग हा जंतू तिथे आला कुठून? २०१४ साली तीन सांगाड्यांतील जंतूंचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि उत्तर अगदीच अनपेक्षित निघाले. या जंतूंचे सर्वांत जवळचे नाते सील आणि समुद्रसिंह यांच्या क्षयजंतूशी होते! किनाऱ्यावरची माणसे या प्राण्यांची शिकार करीत. पुढे २०२२ साली, समुद्रापासून दूर, कोलंबियाच्या डोंगराळ भागातील सांगाड्यांतही हाच जंतू मिळाला. तिथवर तो माणसांकरवी पोचला की अन्य प्राण्यांकरवी, हा वाद मिटलेला नाही.

परंतु हाडे वाचताना एक मोठी फसगत संभवते. क्षय हाडापर्यंत पोचतो तो शंभरांतील मोजक्याच रुग्णांत, आणि तोही रुग्ण दीर्घकाळ तग धरून राहिला तर. म्हणजे कुबड आलेला सांगाडा हा रोगाशी झुंज दिलेल्या माणसाचा. ज्याची हाडे स्वच्छ, तो कदाचित आठवड्याभरातच गेलेला. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हा विरोधाभास मांडला, तेव्हापासून खुणांची नुसती मोजदाद करून समाजाचे आरोग्य ठरवणे अवघड झाले आहे.

सोळाव्या शतकाबाबत ही अडचण भीषण होते. देवी आणि गोवर यांनी तिथली गावेच्या गावे ओस पाडली. पण इतक्या झपाट्याने मारणारे रोग हाडावर सहसा काहीच लिहीत नाहीत. निव्वळ सांगाड्यांवर विसंबले, तर या संहाराचे बळी निरोगी ठरतील. तिथे बखरी, चर्चची दप्तरे आणि करांच्या नोंदवह्याच उघडाव्या लागतात.

आणि गलबतांनी क्षयही आणलाच. समुद्रसिंहांकडून आलेला तो जुना प्रकार माणसांत आज आढळतो तो क्वचितच. पेरूतील आजच्या क्षयरुग्णांमधील जंतू प्रामुख्याने युरोपीय वंशाचे आहेत.