इगतपुरीचे जुने साधक

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतील जे तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा खुश्कीचा प्रवास करीत भारतात येऊ लागले, त्यांना ‘हिप्पी’ ही मोघम संज्ञा लावली गेली. व्हिएतनाम युद्धाला विरोध, ठरीव नोकरी-संसाराचा कंटाळा, अमली पदार्थांचे प्रयोग आणि पौर्वात्य अध्यात्माची ओढ यांचे त्यांच्यात कमीअधिक मिश्रण होते. मराठी वाचकाला त्यांचे नाव काढताच गोव्यातील हणजूणचा किनारा आठवतो. परंतु त्या पिढीतील ज्या मंडळींनी स्वतःला शिस्तीत बांधून घेतले आणि त्या बळावर म्हातारपणापर्यंत परस्परांची सोबत राखली, त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीकडे वळावे लागते.

मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी रंगूनमध्ये ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेले गृहस्थ आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यना म्हणजे श्वासाचे व शरीरावरील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण शिकून घेतले. १९६९च्या जूनमध्ये ते भारतात आले आणि जुलैत त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. पुढच्याच वर्षी डलहौसीत त्यांना इंग्रजीतून शिकवावे लागले, आणि १९७०-७१च्या हिवाळ्यात बोधगयेच्या शिबिरांकडे परदेशी तरुणांची रीघ लागली. त्यांत हार्वर्ड विद्यापीठाने १९६३ मध्ये बडतर्फ केलेले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अल्पर्ट ऊर्फ राम दास होते, तसेच पुढे अमेरिकेत स्वतःचे ध्यानकेंद्र उभारणारे जोसेफ गोल्डस्टीन आणि शेरॉन साल्झबर्गही होते.

थळ घाटाच्या माथ्यावर, रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या इगतपुरीत १९७६ मध्ये गोएंकांच्या ‘धम्मगिरी’ या केंद्राची शिबिरे सुरू झाली. बंधने झुगारून घराबाहेर पडलेल्यांनी येथे पहाटे ४ची घंटा, दहा दिवसांच्या शिबिरातील ‘आर्य मौन’ (बोलणे, खाणाखुणा, लिहिणे सारेच वर्ज्य) आणि व्यसने वर्ज्य करणारे पंचशील स्वीकारावे, हा त्या चळवळीतील सर्वांत मोठा विरोधाभास होय. चिलीम गेली, गिटार गेली, स्त्री-पुरुषांची राहण्याची सोयही वेगळी झाली. एक शिबिर पूर्ण केलेला तो ‘जुना साधक’. संध्याकाळी ५ वाजता नवख्यांना चहा-फळे मिळतात, तर जुन्याची दुपारच्या जेवणानंतरची सोय लिंबूपाण्यावर भागते. केंद्राच्या पॅगोड्यातील ‘शून्यागार’, म्हणजे एकट्याने बसण्यापुरती कोठडी, हेही स्वच्छंद वृत्तीच्या माणसाला सहज रुचावे असे स्थान नव्हे.

मग उरले काय? पैशाविषयीची वृत्ती उरली. शिबिराला शुल्क नाही. पूर्ण केलेल्यानेच, पुढच्यासाठी, यथाशक्ती दान द्यायचे आणि स्वयंपाक-झाडलोट ‘धम्मसेवकां’नी विनावेतन करायची. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘डिगर्स’ गटाने १९६६ पासून रस्त्यावर फुकट अन्न वाटून हेच स्वप्न पाहिले होते, पण ते दोनएक वर्षांतच विरले. इगतपुरीची रीत हिप्पींनी घडवलेली नाही, ती ब्रह्मदेशातील विहारांच्या परंपरेतील आहे, हे खरे. मात्र आपले जुने स्वप्न त्यांना तीत ओळखू आले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

या पिढीपुढे याच जिल्ह्यात दुसरीही एक वाट होती. त्र्यंबकेश्वरी, दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात, शैव आखाड्यांचे म्हणजे शस्त्रधारी साधुसंघटनांचे स्नान कुशावर्तावर होते. त्यांपैकी ‘जुना’ या आखाड्याने १९७०च्या दशकात काही पाश्चात्त्यांना दीक्षा दिली. पुढे गोव्यात ट्रान्स संगीताचा प्रवर्तक ठरलेला गोवा गिल (१९५१–२०२३) त्यांतीलच. त्याने धुनी आणि ध्वनिक्षेपक दोन्ही सांभाळले, म्हणजे तरुणपणातले फारसे काही टाकले नाही.

१९७९ मध्ये इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजा यांमुळे खुश्कीची वाट बंद झाली, तेव्हा बहुतेक हिप्पी घरी परतले किंवा इतस्ततः पांगले. विपश्यनेची मंडळी मात्र परतूनही संघटित राहिली: १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील शेलबर्न फॉल्स येथे आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातील ब्लॅकहीथ येथे केंद्रे उघडली गेली, तर १९८०च्या दशकारंभापासून नेमलेल्या साहाय्यक आचार्यांमध्ये याच भटक्यांपैकी अनेक जण होते. बोधगयेत विशीत असलेली ही पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. धम्मगिरीशेजारी केवळ दीर्घ शिबिरांसाठी ‘धम्म तपोवन’ उभे आहे. तेथे जुन्या साधकांसाठी तीस, पंचेचाळीस आणि साठ दिवसांची शिबिरे होतात, त्यांनाही शुल्क नाही.