बारावी जागा

गेल्या महिन्यात युनिटच्या बास्केटबॉल ग्राउंडवर पीटी परेडनंतर एक वाद रंगला. ब्रिगेडच्या स्पर्धेसाठी बारा जणांचा संघ पाठवायचा होता. अकरा नावं विनातक्रार ठरली. बाराव्या जागेसाठी दोघं उरले. एक आमचा जुना नाईक, सात वर्षं संघात असलेला, दगडी खांद्यांचा. बास्केटखाली उभा राहिला की त्याला कुणी हलवून दाखवावं! दुसरा नुकताच रेजिमेंटल सेंटरमधून आलेला जवान, बर्नाल्याकडचा. उंची सहा फूट पाच इंच, पण अंगावर मांस म्हणून नाही. लांबून चेंडू टाकतो मात्र असा की बघत राहावं.

सुभेदार साहेबांचा कौल नाईकाला. "साहब, लड़का लंबा तो है, पर एक धक्का लगेगा तो लाइन के बाहर मिलेगा."

मी म्हटलं, "साहब, कल बताता हूँ."

रात्री मेसमधून परत येताना माझ्या डोक्यात मात्र १९९८ सालचा जून होता. त्या महिन्यात मी काळी ट्रंक घेऊन खडकवासल्याला पोहोचलो होतो आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या डॅलस शहराच्या बास्केटबॉल संघापुढे हाच प्रश्न होता. फक्त तिथे कोट्यवधी डॉलर पणाला लागले होते.

आधी त्यांची पद्धत सांगतो. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून येतात. आदल्या हंगामात जे संघ तळाला राहिले त्यांना साधारणपणे आधी निवडायला मिळतं, म्हणजे दुबळ्याला सावरायची संधी. ड्राफ्ट हा शब्द आपल्या व्यवसायातलाही आहे. व्हिएतनामच्या काळात अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीला हेच नाव होतं. ती १९७३ मध्ये थांबली.

डॅलस मॅव्हरिक्सची तेव्हाची अवस्था केविलवाणी होती. १९९२-९३ च्या हंगामात ८२ पैकी ११ सामने जिंकले, पुढच्या वर्षी १३, आणि १९९७-९८ मध्ये २०. बाद फेरी त्यांनी १९९० नंतर पाहिलीच नव्हती. संघाची सूत्रं डॉन नेल्सन यांच्याकडे होती आणि त्यांचा मुलगा डॉनी त्यांच्या हाताखाली होता. त्यांच्या वाट्याला सहावी निवड आली होती आणि हवा होता एक पॉवर फॉरवर्ड.

पॉवर फॉरवर्ड म्हणजे नावाप्रमाणे ताकदीचं काम. बास्केटखाली जागा धरायची, धक्के खायचे आणि द्यायचे, उसळलेला चेंडू ओढून घ्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर मोर्चा सोडायचा नाही.

या कामासाठी डेट्रॉइटचा रॉबर्ट ट्रेलर अगदी घडवल्यासारखा होता. मिशिगन विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळलेला, सहा फूट आठ इंच, वजन सव्वाशे किलोच्या पुढे. लोक त्याला 'ट्रॅक्टर' म्हणत. त्याचा खेळ साऱ्या देशाने पाहिला होता.

दुसरा होता जर्मनीतल्या वुर्झबर्गचा डर्क नोवित्स्की. वय नुकतंच वीस झालेलं, उंची सात फूट, अंग काठीसारखं. खेळत होता जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये. आणि आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्या दिवशी तो अजून सैनिक होता. जर्मनीत तेव्हा सक्तीची सैन्यसेवा होती. सप्टेंबर १९९७ ते जून १९९८ तो जर्मन सैन्यात होता. एनबीएचा ड्राफ्ट झाला २४ जूनला. म्हणजे या पोराला 'ड्राफ्ट' दोन्ही अर्थांनी लागला, आणि तोही एकाच आठवड्यात एकातून सुटून दुसऱ्यात जायला.

त्याचा गुरूही वेगळाच. होल्गर गेश्विंडनर हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून खेळलेले, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेले. चेंडू किती उंच कमानीतून गेला तर चुकीला जास्त वाव राहतो, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि पोराचा हात त्या हिशेबावर घोटून घेतला. पुस्तकं वाचायला लावली, वाद्य वाजवायला लावलं. मार्च १९९८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे अमेरिकेचे होतकरू तरुण विरुद्ध जगातले इतर असा सामना झाला. त्यात नोवित्स्कीने ३३ गुण आणि १४ रिबाउंड नोंदवले. निवडकर्त्यांचे डोळे विस्फारले.

पण एकच सामना! वाद इथेच आहे. एका दिवसाच्या चकमकीवर माणूस ओळखावा, की तीन वर्षांच्या नोंदीवर? ट्रेलरचे गुण सिद्ध झाले होते. नोवित्स्कीचे गुण दिसले होते, पण त्याला अमेरिकेतल्या दणकट गड्यांसमोर रोज रात्री उभं राहायचं होतं. युरोपातून थेट येऊन तिथे तारा झालेले खेळाडू तेव्हा थोडेच. शिवाय सात फुटी माणूस बास्केटखाली न राहता लांबून नेम धरतो, हे जुन्या जाणत्यांना पटणारं नव्हतं. सुभेदार साहेबांचीच शंका, फक्त इंग्रजीत.

डॅलसने मग एक चाल खेळली. मिलवॉकी संघाला बास्केटखाली ताकद हवी होती आणि त्यांची निवड नववी होती. बॉस्टनची दहावी होती, आणि त्यांचाही डोळा नोवित्स्कीवर होता. डॅलसने सहाव्या क्रमांकावर ट्रेलरला घेतलं, मिलवॉकीने नवव्यावर नोवित्स्कीला, आणि लगेच अदलाबदल झाली. वर डॅलसला पॅट गॅरिटी नावाचा आणखी एक खेळाडू मिळाला. त्याला पुढे करून त्यांनी फिनिक्सकडून स्टीव्ह नॅश मिळवला. तोही पुढे मोठा झाला.

आता निकाल. पहिल्या वर्षी संपामुळे नव्हे, तर मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे हंगाम ५० सामन्यांचाच झाला. नोवित्स्कीची सरासरी होती ८.२ गुण. डॉन नेल्सन यांनी हा वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरेल असं आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे हसू जास्तच झालं. पोरगा इतका खचला की जर्मनीला परत जायचा विचार करू लागला. डॅलसने १९ सामने जिंकले, ३१ हरले. ट्रेलरला घेतलेला मिलवॉकी मात्र बाद फेरीत पोहोचला. १९९९ च्या उन्हाळ्यात कुणी विचारलं असतं तर बहुतेकांनी सांगितलं असतं, डॅलस फसलं.

डॅलसने त्याला खेळवत ठेवलं. दुसऱ्या वर्षी सरासरी १७.५ वर गेली. २००१ मध्ये संघ बाद फेरीत आला. २००६ च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊन पुढचे चारही सामने गमावले. २००७ मध्ये नोवित्स्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा पहिला युरोपीय, पण त्याच वर्षी ६७ विजय मिळवलेला त्याचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. आणि १२ जून २०११ रोजी त्याच मायामीला हरवून डॅलसने विजेतेपद मिळवलं. अंतिम फेरीतला एक सामना तर तो तापाने फणफणलेला असताना खेळला. २१ हंगाम एकाच संघाकडून खेळून तो २०१९ मध्ये थांबला, ३१,५६० गुणांवर.

गोष्ट इथे संपवली की टाळ्या मिळतात. पण त्या अदलाबदलीत दुसरंही एक नाव होतं.

ट्रेलर एनबीएमध्ये सात हंगाम खेळला. सरासरी पाच गुणांच्याही खाली राहिली. २००५ मध्ये त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो तुर्कस्तान, मेक्सिको, पोर्टो रिको अशा ठिकाणी खेळत राहिला. ११ मे २०११ रोजी पोर्टो रिकोमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ३४. नोवित्स्कीने करंडक उचलला, त्याच्या बरोबर एक महिना आणि एक दिवस आधी. अजूनही 'इतिहासातल्या सगळ्यात एकतर्फी अदलाबदली' अशी यादी निघाली की ट्रेलरचं नाव त्यात असतं. जणू त्याने कुणाला फसवलं होतं. त्याने स्वतःला निवडलं नव्हतं, बदललंही नव्हतं.

आपण मराठी माणसं पश्चातबुद्धीत पटाईत. पानिपतावर भाऊसाहेबांनी काय करायला हवं होतं हे आपल्याकडे प्रत्येक घरात कुणाला तरी ठाऊक असतं. निकाल कळल्यावर निर्णय सोपा दिसतो. १९९८ मध्ये मिलवॉकीचे लोक मूर्ख नव्हते. त्यांनी हातातल्या माहितीवर, गरज पाहून माणूस घेतला. आणि डॅलसचा विश्वास दर वेळी फळतो असंही नाही. याच डॅलसने २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर आपल्या सतनाम सिंगला निवडलं, बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावच्या सात फूट दोन इंची पोराला. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सास लेजंड्सकडून तो खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. इथली पोरं त्याचं नाव आजही अभिमानाने घेतात, आणि घ्यावंच.

निवड मंडळासमोर मीही उभा राहिलो आहे. एसएसबीच्या पाचव्या दिवशी चेस्ट नंबर पुकारले गेले तेव्हा माझ्या गटातला सगळ्यात तडफदार मुलगा राहिला आणि मी, दोरीवरून एकदा घसरलेला, आत आलो. मंडळाला माझ्यात काय दिसलं, मला आजवर कळलेलं नाही. त्या मुलाचा नंबर मात्र अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी बारावं नाव लिहिलं, बर्नाल्याच्या जवानाचं. मग नाईकाला ऑफिसात बोलावलं आणि कारण स्वतः सांगितलं. तो ताठ उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहब, उसको बॉक्सआउट करना नहीं आता. मैं सिखा दूँ?"

स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो. त्या जवानाने दोन फ्री थ्रो चुकवले. सुभेदार साहेब माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

रोज संध्याकाळी रोलकॉलनंतर ग्राउंडवर दोघं दिसतात. नाईक पाठ लावून ढकलतो, पोरगा पाय रोवायला शिकतो. माझा निर्णय बरोबर होता की चूक, ते मला इतक्यात कळणार नाही. तोवर बहुधा माझी बदली झालेली असेल.