रिलेशनल डेटाबेस प्रणाली : तुलना (सातबाऱ्याच्या संदर्भात)

रिलेशनल डेटाबेस : माहिती तक्त्यांत ठेवून सामाईक क्रमांकांनी ते तक्ते एकमेकांशी जोडणारी साठवण. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये तिची मांडणी केली. जमिनीच्या नोंदींना ती चपखल बसते. सातबारा गटानुसार निघतो, आठ-अ खात्यानुसार, नोंदी त्याच. अहमदपूरकडच्या एखाद्या खातेदाराने दोन एकर विकले, तर फेरफार मंजूर होताच त्याचे क्षेत्र घटले पाहिजे आणि घेणाऱ्याचे वाढले पाहिजे. यातले एकच होऊन मशीन बंद पडले, तर गटाचा मेळ बसणार नाही. दोन्ही बदल होतील नाहीतर एकही नाही, ही हमी ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल आणि (इनोडीबी वापरल्यास) मायएसक्यूएल हे सगळेच देतात. तेव्हा निवडीचा प्रश्न त्यापुढचा.

विस्तारक्षमता : पीककर्जाच्या हंगामात सेवा केंद्रांवर गर्दी होते ती नकला काढणाऱ्यांची, म्हणजे वाचनाची. वाचनासाठी मूळ डेटाबेसच्या प्रती वेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या की भार वाटला जातो. लेखनाचे तसे नाही. त्यासाठी माहितीच विभागावी लागते. सातबारा दाखवणारे महाभूलेख संकेतस्थळ पूर्वी आधी महसूल विभाग विचारत असे. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके छत्रपती संभाजीनगर विभागात येतात. आतली रचना काहीही असो, गावाची माहिती सहसा गावापुरतीच लागते, म्हणून अशी विभागणी सोयीची. फेरफाराला नोटिशीचे १५ दिवस असल्याने लेखन पूर्वी संथ होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतःच मोबाईलवरून पिकांची नोंद करू लागला; मुदत संपताना तो भारही एकदम येतो.

उपलब्धता : ९९.९ टक्के म्हणजे वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद. ते मध्यरात्री गेले तर कोणाला कळतही नाही, पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी गेले तर बोंब होते. ओरॅकलच्या आरएसी रचनेत अनेक सर्व्हर एकच साठा वापरतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१० पासून बदल सतत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवता येतात, पण मुख्य सर्व्हर पडल्यावर दुसऱ्याने आपोआप सूत्रे घ्यायची तर पॅट्रोनीसारखे वेगळे साधन बसवावे लागते. प्रत मागे राहिली तर आत्ताच मंजूर झालेला फेरफार नकलेत दिसत नाही. गावात वीज किंवा इंटरनेट गेले तरी केंद्रावर ‘सर्व्हर डाऊन’ असेच सांगतात; त्यावर कोणत्याही डेटाबेसकडे औषध नाही.

खर्च : ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या हिशोबाने विकत घ्यावा लागतो, आरएसीचे वेगळे पैसे. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस मोफत, पण २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा; लातूरच्या आडत दुकानाचा हिशोब त्यात आरामात मावतो, जिल्ह्याचे काम भागणार नाही. पोस्टग्रेएसक्यूएलला परवाना शुल्कच नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानेही मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. वर सांगितलेल्या कामाला पहिला विचार पोस्टग्रेएसक्यूएलचाच व्हावा. मात्र वाचलेल्या पैशातून बॅकअप पुन्हा उभा करून दाखवणारा माणूस पगारी ठेवावा लागतो, आणि निविदेत नेमकी तीच ओळ गळते.