कोलू पाटलाची पाळ आणि ढिवरांचं पाणी

आज जरा पूर्वेला जाऊ, अगदी टोकाला, भंडारा-गोंदियाकडे. ‘तलावांचा जिल्हा’ हे भंडाऱ्याचं बिरुद तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलं असेल. (१९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, म्हणून आता दोन जिल्हे म्हणायचं.) पण हे तलाव बांधले कुणी, ते त्या पुस्तकात नसतं.

बरेचसे बांधले कोहळी समाजाने. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला आणि परतताना या लोकांना सोबत घेऊन आला, अशी आख्यायिका आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. ती खरी-खोटी कशीही असो, कोहळ्यांचं भात, ऊस आणि पाण्याचं ज्ञान मात्र पक्कं होतं.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो. अडचण वेगळीच आहे. भात पोटरीत आला आणि नेमकी पंधरा दिवस उघडीप पडली, की पीक गेलंच समजा. म्हणून टेकड्यांच्या उतारावर, जिथे पाणी आपोआप गोळा होतं, तिथे एका बाजूने मातीची पाळ घालायची. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात, तिथून पुढच्या बोडीत आणि उरलेलं नाल्यातून नदीला. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा!

यातला सगळ्यात देखणा नवेगावबांध. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनीच पाळ पूर्ण करायला मदत केली म्हणे. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. इंजिनिअरचा देव झालेला मला तरी दुसरा माहीत नाही.

पण देव झाला तो पाटील. पाळीवर माती टाकणाऱ्यांचं, जाळं टाकणाऱ्या ढिवरांचं नाव कुठे आलं नाही. म्हणून मालगुजारीचे गोडवे गाताना मी जरा थांबतो. तलावाची डागडुजी गावाच्या श्रमातून व्हायची हे खरं, पण त्यात राजीखुशी किती आणि वेठ किती?

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. आजही त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजे मामा तलाव म्हणतात. मालक बदलला, पण गाळ काढायची जबाबदारी नक्की कुणाची, हे गावात कुणालाच धड कळेना. गाळ साचला, बेशरम माजली, काठावर अतिक्रमणं झाली. ढिवरांच्या सहकारी संस्थांना मासेमारीचे ठेके मिळाले, पण तळ्यात सोडलं गेलं रोहू-कतल्याचं बीज. मरळीसारखे देशी मासे कमी होत गेले, कारण त्यांना लागणाऱ्या पाणवनस्पतीच उरल्या नव्हत्या.

गेल्या काही वर्षांत अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर बाया-माणसांनी वेगळंच काम काढलंय. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरायचा, बेशरम मुळासकट उपटायची आणि स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला हवी, हे त्यांना तोंडपाठ आहे.

पुढच्या भागात वैनगंगेवर १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाकडे जाऊ. तोवर तुमच्या गावात बोडी किंवा तलाव असेल, तर आजीला विचारा त्याचं नाव कशावरून पडलं, आणि व्हॉइस नोट पाठवा.