चोचीतला मासा

१९५६ साली अँड्र्यू शार्प या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने असे मांडले की प्रशांत महासागरातली दूरदूरची बेटे माणसाने ठरवून वसवलीच नाहीत. होड्या वादळात भरकटल्या आणि नशिबाने कुठे तरी लागल्या. त्याआधी १९४७ मध्ये थॉर हायरडाल पेरूहून 'कॉन-टिकी' तराफ्यावर पश्चिमेकडे वाहत गेला होता. या दोघांचे आपसात जमण्यासारखे नव्हते, तरी एका बाबतीत एकमत होते: वारा नेईल तिकडे माणूस गेला. बेटावरच्या लोकांना दर्यावर्दी म्हणायला दोघेही तयार नव्हते.

हे खोडून काढायचे तर वाद घालून भागणार नव्हते, तिथवर जाऊन दाखवायला हवे होते. १९७३ मध्ये हवाईत त्यासाठी एक संस्था स्थापन झाली आणि दोन वर्षांनी जुन्या घाटणीची, दोन नाळी जोडलेली शिडाची नौका पाण्यात उतरली. तिचे नाव होकुलेआ, म्हणजे आपली स्वाती. हा तारा हवाईच्या जवळजवळ माथ्यावरून जातो. नौका झाली, पण होकायंत्राशिवाय ती चार हजार किलोमीटरवरच्या ताहितीला नेणारा माणूस अख्ख्या हवाईत उरला नव्हता.

तो सापडला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावर. हे बेट जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचे. माऊ पियाइलुगला आजोबांनी लहानपणापासून घडवले होते. समुद्र अंगाला कळावा म्हणून तान्ह्या वयात त्याला भरतीच्या डबक्यात ठेवत. पुढे जमिनीवर दगडांचे वर्तुळ मांडून कोणता तारा कुठे उगवतो आणि कुठे मावळतो ते पाठ करून घेत. ही विद्या घराण्यात राहायची, परक्याला शिकवायची नसे. पण सातावालची पोरे शाळेत जाऊ लागली होती आणि शिकायला कोणी बसत नव्हते. माऊने रीत मोडली. त्याबद्दल त्याने स्वकीयांचे बोल ऐकले.

१९७६ च्या मेमध्ये होकुलेआ निघाली आणि जूनच्या सुरुवातीला ताहितीला पोहोचली. विषुववृत्त ओलांडल्यावर ध्रुव दिसेनासा होतो. दक्षिणेचे ते आकाश माऊच्या रोजच्या वावरातले नव्हते. रात्री ढग दाटले की तो नाळीत आडवा होऊन लाटांचे हेलकावे पाठीने मोजायचा. शार्पला उत्तर मिळाले. मात्र वाटेत खलाशांची भांडणे इतकी विकोपाला गेली की माऊ ताहितीहूनच वैतागून घरी गेला आणि परतीचा प्रवास उपकरणांवर झाला. गौरवगाथा सांगताना हा भाग सहसा गाळतात. खरे तर प्रश्न तिथेच उभा राहत होता: हवाईचा माणूस अजून काहीच शिकला नव्हता.

१९७८ च्या मार्चमध्ये उपकरणांविना पुन्हा ताहितीला निघालेली नौका पहिल्याच रात्री उलटली. मदत आणायला एडी ऐकाऊ हा तरुण लाटांवर खेळायची फळी घेऊन एकटा निघाला. बाकीचे वाचले, तो कधीच सापडला नाही. त्यानंतर नायनोआ थॉम्पसनने माऊला परत बोलावले. नायनोआ तारांगणात बसून आकाश शिकला होता. व्याध आणि पुनर्वसूतला तेजस्वी तारा एकाच वेळी मावळताना दिसले की आपण ताहितीच्या अक्षांशावर आलो, अशा खुणा त्याने स्वतः शोधल्या होत्या. माऊ त्याला किनाऱ्यावर घेऊन जाई. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला दोघे नुसते बघत बसत. एकदा माऊने विचारले, ताहिती कुठे आहे? नायनोआने बोट दाखवले. दिसते का? नायनोआ म्हणाला, मनात दिसते. माऊने बजावले की ते चित्र सुटले तर तू हरवलास.

१९८० मध्ये नायनोआ निघाला तेव्हा माऊ नौकेवर होता, पण गप्प. महिनाभर तो वाटेबद्दल बोलला नाही. ताहितीच्या अलीकडे तुआमोतु बेटांची रांग जाळ्यासारखी पसरली आहे. ती बेटे इतकी सखल की दहा-बारा मैलांवर येईपर्यंत माड दिसत नाहीत, म्हणून जमिनीची वर्दी आधी पक्षी देतात. सकाळी ते बेटावरून समुद्राकडे जातात, संध्याकाळी परततात. एका सकाळी एक पक्षी दक्षिणेकडे उडत गेला. नायनोआचा हिशेब बिनचूक होता: सकाळची वेळ, पक्षी दक्षिणेला चाललाय, म्हणजे बेट उत्तरेला मागे राहिले. त्याने नौका वळवली. तासाभराने माऊ प्रथमच मध्ये पडला. नौका परत फिरव, म्हणाला, पक्ष्याच्या मागे चल. कारण सांगितले नाही. आणखी तासाभरात बेट दिसले.

कारण नंतर कळले. त्या पक्ष्याच्या चोचीत मासा होता. विणीचे दिवस होते. पक्षी पहाटेच बाहेर पडून पिलांसाठी घास घेऊन घरी निघाला होता. नायनोआला नियम ठाऊक होता, माऊला पक्षी दिसला होता.

नायनोआ ताहितीला पोहोचला. 'प्राचीन विद्या पुन्हा जिवंत झाली' असे या प्रवासाबद्दल लिहायची पद्धत आहे. ते मला पुरते पटत नाही. सातावालची विद्या जशीच्या तशी हवाईत आली नाही. नायनोआने तारांगण, गणित आणि माऊची नजर यांतून स्वतःची पद्धत बांधली आणि आज शिकवली जाते ती तीच. पुढे १९८५ ते १९८७ या काळात होकुलेआ ताहिती, कुक बेटे, न्यूझीलंड, टोंगा, सामोआ अशी बेटाबेटांवरून फिरली. पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे नेहमीच्या वाऱ्याच्या उलट, येण्यासाठी वारे फिरण्याची वाट पाहायची असते, हेही ती त्या फेरीत शिकली.

२००७ मध्ये माऊने सातावालवर नायनोआसह पाच हवाईयनांना 'प्वो', म्हणजे वाटाड्याची दीक्षा दिली. त्याच वेळी हवाईकरांनी त्याच्यासाठी बांधलेली नौका त्याच्या हाती दिली. तिचे नाव आलिंगानो माइसू. वादळाने खाली पडलेल्या आणि कोणीही उचलून न्यावा अशा पिकल्या नीरफणसाला तिकडे 'माइसू' म्हणतात.