बाजाराचे पाढे आणि अव्यक्त गणित

पैनगंगेच्या खोऱ्यातल्या उमरखेडसारख्या बाजारगावात पूर्वी हिशेब चालायचा तो पाढ्यांवर. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, मणाचे 40 शेर. म्हणून मराठी शाळा पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्या तोंडी हिशेबाचा वेग आजही हेवा वाटावा असाच. पण 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आला, आणि पिढ्यांची ही कमाई बघता बघता अडगळीत गेली. संगणकशिक्षणात गणित किती असावे या वादात हा दाखला कुणी काढत नाही. पाढे मापाला बांधलेले होते, म्हणून मापाबरोबर गेले.

मापाला न बांधलेली विद्याही मराठी मुलखाला नवी नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त व्यक्त गणित सांगितले आणि ‘बीजगणिता’त अव्यक्त. अज्ञात राशींना त्यांनी यावत्तावत्, काळक, नीलक अशी नावे दिली. प्रोग्राम लिहिणारा आज ‘एक्स’ मांडतो तो याच सोयीसाठी. आर्यभटापासून चालत आलेला कुट्टक हा भागाकार पुन:पुन्हा करत जाण्याचा विधी. ग्रहगणितात तो कामी आला, आणि 1977 च्या आरएसए कूटलेखनात किल्ली काढायची तर गणित त्याच जातीचे पडते.

तालुक्याच्या पोराला नोकरी हवी, अमूर्त गणित घेऊन तो काय करील, हा आक्षेप खोटा नाही. एमएस-सीआयटीसारख्या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने हजारोंची संगणकाची भीती घालवली, तेही मोलाचेच. पण साक्षरता म्हणजे संगणकशास्त्र नव्हे. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीच्या निव्वळ आज्ञा पाठ केलेल्यांची गत औटकीसारखीच झाली. अमूर्ताने पोरे बिचकतात म्हणावे, तर दोष शिकवण्याच्या क्रमाचा आहे: ‘लीलावती’ भुंग्यांचा थवा, हंसांचा कळप समोर ठेवते आणि त्यातूनच रीत शिकवते.

अव्यक्त हे बाजाराचे वैरी, हा समजही टिकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. तिथल्या 1207 च्या शिलालेखात त्याच्या खर्चाची तरतूद कोरलेली आहे: पेठेतल्या विक्रीवरचा कर आणि तेलघाण्यांचे तेल.