आकडा कोण लिहितो?

माझी आई टोपलीत भाजी घेऊन बसते. धाकटीच्या स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, 'महिन्याला किती?' आई म्हणाली, 'पावसात काही नाही साहेब, सणाला बरं.' साहेबानं आपल्या मनानं आकडा ठोकला. त्यात हमाली नव्हती, सडलेली मेथी नव्हती.

दोस्तहो, गिरणीची पाळी सुटली की मी विलायतेच्या कामगारांचा इतिहास वाचत बसतो. हा आकडा ठोकणारा हात मला तिथंही दिसला.

१८३४ साली इंग्लंडात गरिबांचा नवा कायदा आला. मदत पाहिजे? चल वर्कहाउसात! तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराहूनही हलकं ठेवायचं, हे त्याचं उघड तत्त्व.

पुढं १९३१ च्या नोव्हेंबरात बेकारांच्या मागं 'मीन्स टेस्ट' लागली. तेव्हा बाबासाहेब लंडनमध्येच होते, दुसऱ्या गोलमेज परिषदेत आपल्या हक्कांसाठी भांडत. आणि तिकडं लँकेशायरच्या बेकार विणकराच्या दारात कौन्सिलच्या कमिटीचा माणूस उभा. पोरीची मजुरी किती, म्हाताऱ्याची पेन्शन किती, घरात चीजवस्तू काय, सगळं लिहायचा. त्यावर बापाचा भत्ता कापला जायचा. बापाचा भत्ता वाचावा म्हणून कमावती पोरं घर सोडून गेली.

कामगार गप्प बसला नाही. रॉदरहॅमच्या कमिटीनं हात सैल सोडला, तर १९३२ साली सरकारनं तिचे अधिकार काढून आपला माणूस बसवला. १९३५ च्या जानेवारीत नवे दर आले. दक्षिण वेल्स रस्त्यावर उतरलं. मर्थरच्या बायांनी कचेरी फोडली. फेब्रुवारीत सरकारला दर थांबवावे लागले. घरभराची कमाई मोजायची ती रीत १९४१ साली गेली.

हात मात्र गेला नाही. पुढं घरभाड्याची मदत कौन्सिलं देऊ लागली. पगारदाराकडं पगाराची चिठ्ठी असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याकडं काय? फक्त वही. नियम सांगतो, निव्वळ धंद्यासाठी केलेला वाजवी खर्चच वजा होईल. वाजवी काय, ते कौन्सिल ठरवणार. यंत्र घेतलं तर त्याची किंमत वजा नाही, ते झिजलं तरी वजा नाही. पण घरी लोकांची पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या कमाईचा तिसरा हिस्साच धरतात. म्हणजे मनात आणलं तर नियमाला पोट कळतं!

आकडा पटला नाही तर जायचं कुठं? २००१ पर्यंत दाद मागायची ती त्याच कौन्सिलच्या नगरसेवकांपुढं. ज्याची तागडी, त्याचाच निवाडा. त्या वर्षापासून स्वतंत्र न्यायाधिकरण आलं. इथिओपियाहून आलेल्या एका बाईनं ही जुनी रीत स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात नेली. २००६ साली न्यायालय म्हणालं, हा निःपक्ष न्याय नव्हे. एक परकी, गरीब बाई. तिनं हे करून दाखवलं.

२०१३ पासून 'युनिव्हर्सल क्रेडिट' आलं. ते दिल्लीसारखं वरचं सरकार देतं, कौन्सिल नव्हे. त्यात धंद्याचं पहिलं वर्ष सरलं की, कमाई कमी असली तरी साधारण किमान वेतनाइतकी कमाई झालीच असं धरतात. काही कौन्सिलांनी घरपट्टीसारख्या कराच्या सवलतीतही तोच हिशेब उचलला. १९३१ साली पोरीची मजुरी बापाच्या नावावर मांडली. आता न मिळालेला पैसाच मांडतात.

तिथं कौन्सिलला निर्णय लेखी द्यावा लागतो. कारणं मागता येतात. महिन्याच्या आत अपील करता येतं. हे कुणी मेहेरबानीनं दिलेलं नाही.

मी आईला एक वही आणून दिलीय. तिला लिहिता येत नाही. ती रात्री सांगते, धाकटी लिहिते. विक्री इतकी, हमाली इतकी, सडलं इतकं. पुढल्या खेपेला आकडा आम्ही सांगू. साहेबानं खोडला, तर का खोडला ते लिहून मागू.